तिसऱ्या खड्ड्यातली माती

"मन्ही पोर चोर नही शे, दगाभाऊ!" दारात चप्पल काढता काढताच भिकन चौधरी बोलले, आणि पुढचं वाक्य तोंडातून निघायच्या आत त्यांना सात शिंका आल्या.

दगा बोरसेचं ऑफिस नंदुरबारच्या मिरची बाजाराच्या पाठीमागे. पौष महिना, मिरचीचा हंगाम. या दिवसांत इथे येणारं प्रत्येक अशील आधी शिंकायचं आणि मग रडायचं. कोणतं मिरचीमुळे आणि कोणतं दुःखामुळे, हे ओळखायला दगाभाऊ आता शिकला होता.

दगाभाऊने बावीस वर्षं वीजचोरी पकडणाऱ्या भरारी पथकात घालवली. निवृत्तीनंतर खाजगी तपासाची पाटी लावली. बोलायचा कचेरीतल्या मराठीत, चिडला की अहिराणीत. आणि चिडायचा रोज. सोबतीला लखन, जीपचा मालक आणि चालक. तपासाची वही लिहायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. ऐकलेलं सगळं तो लिहायचा, समजून मात्र थोडंच घ्यायचा.

"पाणी प्या. आणि पहिल्यापासून सांगा," दगाभाऊ म्हणाला.

भिकनभाऊ तापीकाठचे केळीवाले. मुलगी प्रतिभा नंदुरबारच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. दहा वर्षं तिला एकच वेड होतं, थोरियमचं. आपल्या देशात युरेनियम थोडं, थोरियम रगड. समुद्राच्या वाळूत नुसतं पडलंय. अणुवीज करायची तर त्याच्यावर करा, असं ती गावोगाव शाळांमधून सांगत फिरायची.

"कशी सांगायची?"

"एक मशीन राहायचं. त्याच्यापुढे ती कसलीतरी जाळी धरायची, की मशीन टकटक वाजायचं. पोरं खूश. मग म्हणायची, थोरियम म्हणजे ओलं लाकूड. एकटं पेटत नही. शेजारी जळतं लाकूड ठेवा, मग पेटस, आणि पेटलं की विझत नही." म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला. "माले सुद्धा पाठ व्हयी गये, भाऊ!"

दिवाळीनंतर तिने अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरात, आंबाकुंडपाड्याला, मातीची तपासणी केली. पाच खड्डे. तिसऱ्या खड्ड्यावर मशीन वेड्यासारखं वाजलं. पेपरात मोठ्या अक्षरात बातमी आली. कॉलेजने सत्कार केला. माती मुंबईच्या प्रयोगशाळेत गेली, आणि महिन्याने उत्तर आलं: थोरियम खरं, पण मातीचं नाही. कोणीतरी बाहेरून आणून मिसळलंय.

सत्कार करणाऱ्यांनीच नोटीस काढली. कॉलेजच्या रसायन विभागातल्या बाटलीतलं थोरियम चोरून तुम्ही मातीत मिसळलंत, खुलासा करा, नाहीतर नोकरीवरून काढू. मुदत परवा दुपारी बारापर्यंत.

"मग करा ना खुलासा."

"तेच तर! ती बोलतच नही! कागदले हात लावत नही. तिची माय रडी रडी थकी गई. नोकरी जाई, नाव जाई, आणि ही बाई भाजी निवडी ऱ्हायनी!"

भिकनभाऊंनी टोपी काढून डोळे पुसले. हे मिरचीमुळे नव्हतं.

प्रतिभा खरोखरच भाजी निवडत बसली होती. पस्तिशीची, उंच, चष्मेवाली. दगाभाऊला तिने चहा दिला, पोहे दिले, उत्तर मात्र एकाही प्रश्नाचं दिलं नाही.

"तुम्ही मिसळलंत?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून उपयोग नाही. तुम्ही सांगा."

"मेथी घ्याल का थोडी? घरची आहे."

लखनने वहीत लिहिलं: मेथी.

तिच्या आईने, शांतीबाईने, आतून व्याख्यानाची पेटी आणून ठेवली. त्यात टकटक वाजणारं मापक होतं, एक पत्र्याचा तुकडा होता, आणि आत कापूस अंथरलेली साबणाची रिकामी डबी.

"यात काय असायचं?" दगाभाऊने विचारलं.

"फुटलं ते," प्रतिभा म्हणाली.

"काय फुटलं?"

तिने मेथीची पुढची काडी उचलली.

प्रयोगशाळेचा अहवाल टेबलावरच होता. मातीच्या पिशव्यांवरची लाख आणि सही शाबूत मिळाली, असं पहिल्याच पानावर होतं. दुसऱ्या पानावर आकड्यांचं कोष्टक. त्यात एकाच ओळीभोवती पेन्सिलीने गोल केलेला: सेरियम नावाचा धातू, थोरियमच्या शंभर भागांना एक भाग. शेजारी प्रतिभाच्या अक्षरात तारीख.

"ज्या दिवशी अहवाल आला ना, त्या दिवशीच तिने तो गोल केला," शांतीबाई म्हणाली. "वाचलं, आणि मटकन खाली बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्या डोंगरात गेली. आली ती अशी. मुकी."

"आई!" प्रतिभा एवढंच म्हणाली, पण त्या एका शब्दात धार होती.

बाहेर आल्यावर लखन म्हणाला, "भाऊ, हिनेच केलं. चोराच्या मनात चांदणं."

"चोर खोटं बोलतो, लखन. ही खोटंसुद्धा बोलत नाही. काय करायचं अशा माणसाचं?"

कॉलेजात रसायनशास्त्राचा मयंक शहा भेटला. बत्तीस वर्षांचा, सुरतेहून आलेला, बोलताना अर्धं लक्ष मोबाइलमध्ये. बाटलीच्या कपाटाच्या किल्ल्या दोनच, एक त्याच्याकडे, एक प्रतिभाकडे. त्याने बाटली काढून दाखवली. अर्धी होती.

"पूर्ण कधी होती?"

"माझ्या आधीची आहे. मी आलो तेव्हा किती होती, बघितलं नाही."

"मग कमी झाली हे कशावरून?"

"अर्धी आहे ना!" मयंक म्हणाला.

दगाभाऊने एक मोठा श्वास घेतला. "बरं. या बाटलीत सेरियम किती?"

"अजिबात नाही. शुद्ध माल आहे."

"आणि समुद्राच्या वाळूत थोरियम असतं, त्यात?"

"तिथे सेरियम भरपूर. थोरियमच्या दुप्पट-तिप्पट. शिवाय लॅन्थॅनम, फॉस्फेट, सगळं वऱ्हाड असतं."

"आणि शंभराला एक सेरियम, बाकी कोणी नाही, असं कशात असतं?"

मयंकने पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला, विचार केला, आणि पुन्हा उचलला. "असं काही मी पाहिलेलं नाही. आणि ते शोधणं माझं काम नाही, सर."

"कोणाचंच काम नाही," दगाभाऊ जिना उतरताना पुटपुटला. "नोटीस काढायचं काम तेवढं सगळ्यांचं."

दुसऱ्या दिवशी अक्कलकुवा. मातीच्या पिशव्या एक रात्र धर्मचंद जैनांच्या दुकानात राहिल्या होत्या, कारण प्रतिभाची शेवटची बस चुकली होती. दुकान जुनं, भांड्यांचं. वर आढ्याला लग्नात भाड्याने द्यायच्या गॅसबत्त्या उलट्या टांगलेल्या, धुळीने माखलेल्या.

गल्ल्यावर नातू रिषभ. कॉलेजात असताना प्रतिभाने त्याला प्रात्यक्षिकात दोनदा नापास केलं होतं, आणि नोटिशीची बातमी आल्यावर त्याने ती मोबाइलवर चाळीस जणांना पाठवली होती.

"पाठवली. मग? पण पिशव्यांना हात लावला नाही. लाखेचे शिक्के होते. मी काय वेडा आहे?"

आत गादीवर धर्मचंदशेठ. वय ऐंशी, कान कमी. मारवाडी माणूस, पण गिऱ्हाइकांशी आयुष्यभर अहिराणी बोललेला.

"शेठजी, दिवाळीच्या सुमाराला दुकानात कोणी नवखं, विचित्र असं आलं होतं का?" दगाभाऊने कानाशी ओरडून विचारलं.

"विचित्र?" शेठजी हसले. "दिवाळीना पह्यले डोंगरवरनी एक बाई उनी व्हती. मेंटल! जितला शेतस तितला दी टाका, म्हने. माले तं हसूच उनं..."

"बाबूजी, दवाई!" आतून सून तारादेवी कडाडली, आणि शेठजींना हाताला धरून घेऊन गेली. दुपारी त्यांना बोलू देत नाहीत, डॉक्टरांचा हुकूम.

लखनने वहीत लिहिलं: डोंगरातली एक वेडी बाई दुकानात आली, सगळं द्या म्हणाली.

"बिचारी," तो म्हणाला.

आंबाकुंडपाड्याला जीप जात नाही. नदीच्या पात्रात ती सोडायची आणि दीड तास चढायचं. लखन तिसऱ्या वळणावर बसला, पाचव्यावर झोपला, आणि सातव्यावर आपल्या आईवडिलांना दोष देऊ लागला.

पाड्यावर बाज्या भेटला. पंचविशीचा, कडेवर सहा-सात महिन्यांची पोरगी. खड्डे त्यानेच खणले होते. आदल्या दिवशी खणून ठेवले, दुसऱ्या दिवशी बाईंनी मशीन लावलं आणि तिथल्या तिथे माती भरून शिक्के मारले.

"म्हणजे एक रात्र खड्डे उघडे होते. तिसरा कुठला?"

"हा. आमच्या घरामागे."

"पोरीची आई?"

बाज्याने घराच्या कुडाकडे पाहिलं. तिथे एक लांब बांबू आडवा टांगलेला, त्याला गुंडाळलेली गोधडी. "रंजिता. आषाढात. तिला झोळीत घालून खाली नेत होतो. नदीपर्यंतच पोचलो."

पोरगी लखनच्या वहीचं पान ओढत होती, त्याने ओढू दिलं.

बाज्याची आई फुलीबाई डोक्यावर लाकडं घेऊन आली. पन्नाशीची, काटक. घरात भिली बोलायची, पाहुण्यांशी तुटक मराठी. तिने पाणी दिलं.

"प्रतिभाबाईंना ओळखता?"

"ओळखते. गणपतीत शाळेत भाषण केलं. मी पुढेच बसले होते."

"खड्ड्यात कोणी काही टाकताना पाहिलंत?"

"नाही पाहिलं."

"बाईंची नोकरी जाणार आहे, ठाऊक आहे?"

फुलीबाईच्या हातातला तांब्या कलंडला. "कोणाची? प्रतिभाबाईची? कशाला?" मग मुलाकडे वळून ती भिलीत भराभर काहीतरी बोलली. बाज्या मान हलवत राहिला.

खाली जीपजवळ येताच दगाभाऊने टपावर मूठ आपटली.

"काय करी ऱ्हायनू मी? उद्या बारा वाजता मुदत. दोन दिवस फिरी ऱ्हायनूत, हातमा काय? मेथी! वाच रे, वही वाच सगळी."

लखनने वाचली. वेड्या बाईपाशी येताच दगाभाऊने हात वर केला.

"थांब. शेठजींचे शब्द सांग. तुझे नको."

"मेंटल. जितला शेतस तितला दी टाका."

"शेतस! लखन, तू अहिराणी बोलतोस की नुसती खातोस? एक असलं तर शे. शेतस म्हणजे पुष्कळ. बाईने मोजता येईल असं काहीतरी मागितलं. काय मागितलं?"

लखनने डोकं खाजवलं. "वेडी बाई काहीही मागेल, भाऊ."

"बाई वेडी नव्हती रे, बैला! चल, दुकान बंद व्हायच्या आत पोचायचंय. आणि भिकनभाऊंना फोन कर. म्हणावं, प्रतिभाची पेटी घेऊन दुकानात या, आणि उद्या सकाळी सहाला तिलाही नदीवर आणा. येत नसेल तर सांगा, दगा बोरसे फुलीबाईकडे जातोय. मग ती धावत येईल."

ती धावत आली. दुसऱ्या दिवशी आठ वाजता फुलीबाईच्या अंगणात सगळे दम खात बसले होते. दगाभाऊ, लखन, भिकनभाऊ, प्रतिभा. बाज्या कुडाला टेकून उभा. मुदतीला चार तास उरलेले.

"तुम्ही हे करू नका," प्रतिभा दगाभाऊला म्हणाली. दोन दिवसांतलं तिचं हे पहिलं सरळ वाक्य.

"तुमच्या वडिलांनी कामाला लावलंय, ताई. अर्धवट सोडता येत नाही." दगाभाऊने घसा खाकरला. "पिशव्यांची लाख शाबूत होती, आणि मशीन खड्ड्यावरच वाजलं होतं. म्हणजे माती पिशवीत जायच्या आधीच त्यात मिसळलं होतं. रिषभ सुटला. कितीही पाजी असला तरी सुटला."

"मग बाटली?" भिकनभाऊंनी विचारलं.

"बाटलीत सेरियम नाही. मातीत शंभराला एक आहे. म्हणजे बाटली नाही. वाळूत सेरियम भरपूर असतं, म्हणजे वाळूही नाही. तिसरंच काहीतरी. ते काय, हे मला कळेना, मयंकला कळेना, पण प्रतिभाताईंना अहवाल वाचताक्षणी कळलं. त्यांनी नेमक्या त्याच ओळीला गोल केला. आणि घरी येऊन पेटीतली एक वस्तू नाहीशी केली, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या डोक्यात ती येऊ नये. कापसात ठेवावी लागणारी, हात लागला की फुटणारी वस्तू. भिकनभाऊ तिला जाळी म्हणाले."

"जाळीच व्हती ती."

"हो. गॅसबत्तीची. तिला दुकानदार काय म्हणतो, लखन?"

लखनचं तोंड उघडलं आणि बराच वेळ उघडंच राहिलं. "मेंटल!"

"मेंटल! बाई मेंटल नव्हती, बाई मेंटल मागत होती. जितला शेतस तितला. काल मी ताईंचं मापक शेठजींच्या फळीवर धरलं. कोपऱ्यात एक फाटकं पाकीट राहिलं होतं, त्याच्यावर टकटक सुरू झाली. मग अहवालावरच्या नंबरवर मुंबईला फोन केला. तिकडचे साहेब हसायलाच लागले. म्हणाले, नव्व्याण्णव भाग थोरियम, एक भाग सेरियम, ही तर जुन्या गॅसबत्तीच्या जाळीची कृती! आता तशा बनत नाहीत. शेठजींकडे मात्र पाच पेट्या पडून होत्या, लग्नात कोणी बत्त्या नेत नाही म्हणून. त्या सगळ्या दिवाळीआधी एका बाईने नेल्या. जाळल्या की त्यांची पांढरी राख होते. ती राख एका रात्रीत खड्ड्यात कालवायची. खड्डा घरामागेच."

फुलीबाई चुलीपाशी बसली होती. तिने मान खाली घातली नाही.

"मीच," ती म्हणाली.

"फुलीबाई, गप्प बस!" प्रतिभा उठली. "हिने काही केलेलं नाही. केलंय मी. शाळेत हिने मला विचारलं होतं, हे सापडलं तर साहेब लोक येतील का आमच्याकडे? आणि मी हसून म्हणाले, साहेबच काय, आधी रस्ता येईल! मी म्हणाले! हातात मेंटल धरून म्हणाले! रंजिता जाऊन दोन महिने झाले होते, आणि मला ते ठाऊकही नव्हतं."

"रस्त्याला सहा अर्ज दिले," बाज्या म्हणाला. "आमच्या पाड्यात चाळीस माणसं. साहेब म्हणाले, नियमात बसत नाही."

प्रतिभा फुलीबाईसमोर जाऊन बसली. तिला राग आवरेना आणि रडूही आवरेना. "दहा वर्षं मी बोंबलतेय, आपल्या पायाखाली इंधन आहे, ते वापरा. कोणी ऐकलं नाही. तुझी राख तेवढी एका दिवसात पेपरात आली! आणि मेंटल जाळताना तोंडाला फडकं तरी बांधलं होतंस का, वेडे? ती राख छातीत जाते!"

"बांधलं होतं. तू शाळेत सांगितलं होतंस."

भिकनभाऊ पुढे सरकले. "पोरी, आता तरी खुलासा लिही. दगाभाऊनी सगळं सांगलं ना."

"नाही लिहिणार."

"नाव जाई तुन्हं! नोकरी जाई!"

"जाऊ दे. हिचं नाव लिहिलं तर पोलीस केस होईल, बाबा. सरकारला फसवलं म्हणून. ती कोर्टाच्या तारखांना दर खेपेला दीड तास उतरणार, दीड तास चढणार? नाही लिहिणार मी!"

दगाभाऊ वैतागून आकाशाकडे पाहत राहिला. बावीस वर्षं त्याने चोर पकडले होते, आणि पकडल्यावर प्रत्येक वेळी निदान एक माणूस तरी खूश व्हायचा. आज कोणीच खूश नव्हतं. भिकनभाऊ नाही, प्रतिभा नाही, तो स्वतः तर नाहीच.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "मेंटलवरून कळलं एवढंच लिहा. कोणी टाकलं ते माहीत नाही, लिहा."

"मग म्हणतील, मेंटल तर तुमच्याच पेटीत असायचं. तुम्हीच टाकलं."



फुलीबाईने नातीला बाज्याकडून घेतलं, मांडीवर ठेवलं, आणि विचारलं, "माझं नाव लिहिलं तर काय होईल?"

"चौकशी होईल," दगाभाऊ म्हणाला.

"कोण करेल?"

"कॉलेजचे लोक. मुंबईचे साहेब. तहसीलदार. पोलीस."

"कुठे करतील?"

"इथेच. खड्डा पाहावा लागेल, पंचनामा करावा लागेल."

फुलीबाईने प्रतिभाच्या पिशवीतून कागद आणि पेन स्वतःच काढलं, आणि तिच्या हातात कोंबलं.

"लिही मग. फुलीबाई लिही, आंबाकुंडपाडा लिही. तू शिकवत राहा. हे तुझं काम आहे, ते सोडायचं नाही."

"अगं, तुला आत टाकतील!"

"टाकू दे. आधी वर तर येतील. मोठेमोठे साहेब, चालत येतील ना सगळे?" तिने नातीचं डोकं थोपटलं. "पत्ता नीट लिही, बाई. आणि खाली लिही, गाडी नदीपर्यंतच येते."